कृष्णधवल प्रिंट आणि मॉनिटर: पडद्यावरचे पूर्वदृश्य कागदाशी कसे जुळवावे

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जुलैतल्या एका सकाळी काढलेले एक छायाचित्र मी गेली काही वर्षे कसोटीसाठी वापरतो. त्याच्या खालच्या भागात पावसाने निथळणारा, जवळजवळ काळा दिसणारा बेसॉल्टचा कातळ आहे आणि वर दरीतून चढणारे धुके आहे, जे कागदाच्या पांढऱ्यापेक्षा जेमतेम एका छटेने गडद आहे. मॉनिटरवर त्या कातळातील भेगा, भेगांत धरलेले शेवाळ आणि पाण्याचे ओघळ असे सगळे वेगवेगळे दिसत होते. पहिली प्रिंट मॅट कागदावर काढली तेव्हा कातळाच्या जागी सपाट काळा डाग उतरला आणि धुके मळकट करडे झाले. प्रिंटर ठीक होता, शाई नवी होती, नोझल तपासणीत एकही रेघ तुटलेली नव्हती. फाइलसुद्धा बरोबर होती. चूक एवढीच होती की भर उजेडाच्या मॉनिटरकडे पाहून मी त्या फाइलच्या छटा ठरवल्या होत्या.

रंगीत प्रिंटमध्ये थोडी चूक खपून जाते, कारण पाहणाऱ्याचे लक्ष निळ्या आकाशाकडे किंवा लाल साडीकडे आधी जाते. कृष्णधवल चित्रात छटेखेरीज दुसरे काहीच नसते. म्हणून मधला करडा थोडा खाली घसरला तरी चेहरा आजारी दिसतो, आणि गडद भागातील शेवटच्या चार छटा एकमेकींत मिसळल्या की चित्रातली खोली जाते. या लेखात सांगितलेली पद्धत इंकजेट प्रिंटसाठी आहे. घरी प्रिंटर असो किंवा फाइल लॅबला पाठवायची असो, निम्म्याहून अधिक पायऱ्या दोन्हीकडे सारख्याच लागू पडतात.

कागद किती दाखवू शकतो

काम सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट आकड्यांत समजून घ्यावी, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे आहेत. आजच्या साधारण आयपीएस मॉनिटरवर सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद बिंदूंच्या उजेडाचे प्रमाण सुमारे १०००:१ असते. कागदाचे प्रमाण त्याच्या काळ्याच्या घनतेवरून काढता येते. घनता म्हणजे परावर्तित उजेडाचे लघुगणकी माप. चांगल्या बराइटा (बेरियम सल्फेटचा थर दिलेल्या) किंवा ग्लॉसी कागदावर काळ्याची घनता सुमारे २.३ मिळते, मॅट सुती कागदावर सुमारे १.६५, आणि कोऱ्या कागदाची स्वतःची घनता ०.०५ च्या आसपास असते. याचा अर्थ बराइटावर प्रमाण साधारण १८०:१ आणि मॅटवर अवघे ४०:१. छायाचित्रकाराला सवयीच्या स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) भाषेत सांगायचे तर मॉनिटर जवळजवळ १० स्टॉप दाखवतो, बराइटा साडेसात आणि मॅट कागद पाचाहून किंचित अधिक.

यावरून उघड आहे की मॅट कागदाला मॉनिटरसारखे दिसायला लावणे शक्य नाही. उलटा मार्ग मात्र शक्य आहे. मॉनिटरला कागदाच्या मर्यादेपर्यंत खाली आणायचे, कागदावर पुरेसा उजेड पाडायचा, आणि या दोन्हींच्या मधल्या जागेत चित्राच्या छटा नव्याने मांडायच्या. माझ्या अनुभवात "प्रिंट काळी आली" या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा यापैकी पहिल्या दोन गोष्टींत सापडते, आणि लोक मात्र तिसऱ्या गोष्टीपासून, म्हणजे फाइल उजळवण्यापासून, सुरुवात करतात. तसे केल्यास एक प्रिंट कदाचित सुधारेल, पण पुढच्या प्रिंटला पुन्हा अंदाजच बांधावा लागेल.

आधी प्रिंटवरचा उजेड ठरवावा

मॉनिटरला हात लावण्याआधी प्रिंट पाहण्याची जागा ठरवावी. माझ्या खोलीत रात्री एका ट्यूबलाइटखाली टेबलावर मोजलेला उजेड १२० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक) होता. कोऱ्या कागदावरून डोळ्यापर्यंत किती उजेड येतो हे काढण्याचे सूत्र सोपे आहे: लक्सच्या आकड्याला साडेतीनने भागावे, म्हणजे कँडेला प्रति चौरस मीटरमधला अंदाज मिळतो. १२० ला भागल्यावर मिळतात ३४. त्याच वेळी कारखान्यातून आला तसाच ठेवलेला माझा मॉनिटर ३०० च्या आसपास होता. पडद्यावरचा पांढरा कागदाच्या पांढऱ्यापेक्षा जवळजवळ नऊपट उजळ, म्हणजे तीन स्टॉपहून अधिक फरक. एवढा फरक असताना कोणतीही प्रोफाइल (मॉनिटर किंवा प्रिंटर-कागदाची जोडी रंग कसे दाखवते हे सांगणारी फाइल) आणि कोणतेही सॉफ्टवेअर मेळ घालू शकत नाही.

छपाई व्यवसायासाठी असलेल्या आयएसओ ३६६४ या मानकात प्रिंट पाहण्याचे दोन उजेड सांगितले आहेत: बारकाईने तुलना करण्यासाठी २००० लक्स आणि नेहमीच्या परिस्थितीत प्रिंट कशी दिसेल हे पाहण्यासाठी ५०० लक्स, दोन्ही डी५० म्हणजे सुमारे ५००० केल्विनच्या प्रकाशात. घरच्या कामासाठी ३५० ते ५०० लक्सची एक जागा तयार करणे पुरते. चांगल्या रंगदर्शक निर्देशांकाचा, म्हणजे ९० किंवा त्याहून अधिक सीआरआयचा, एक एलईडी दिवा टेबलावर अशा रीतीने लावावा की त्याचा उजेड प्रिंटवर तिरपा पडेल आणि मॉनिटरवर अजिबात पडणार नाही. उजेड मोजण्यासाठी स्वस्तातले लक्समीटर चालते. मोबाइलमधील ॲपचे आकडे फोनगणिक बदलतात, पण मीटर नसेल तर अंदाजासाठी तेही वापरावेत.

इथे आपल्याकडचा एक प्रश्न विचारात घ्यावा लागतो. महाराष्ट्रातील बहुतेक घरांत ६५०० केल्विनचा पांढरा, किंचित निळसर उजेड असतो, आणि प्रिंट शेवटी तिथल्याच भिंतीवर टांगली जाणार असते. अशा वेळी डी५० चा आग्रह धरून घेतलेला उबदारपणाचा निर्णय घरात गेल्यावर वेगळा दिसतो. प्रिंट प्रदर्शनासाठी किंवा स्पर्धेसाठी असेल तर ५००० केल्विनचा दिवा वापरावा, घरासाठी असेल तर घरात असेल तसाच दिवा टेबलावर लावावा, असे माझे मत आहे. महत्त्वाचे हे की एकदा ठरवलेली जागा आणि दिवा बदलू नये.

मॉनिटर खाली आणणे

मॉनिटर सुरू करून अर्धा तास जाऊ द्यावा. रात्री पडदा पिवळसर करणारी नाइट लाइटची सोय, भोवतालच्या उजेडानुसार रंग बदलणारी ट्रू टोनसारखी सोय, डायनॅमिक काँट्रास्ट आणि आपोआप ब्राइटनेस बदलणारे पर्याय हे सगळे बंद करावे. खिडकीचा थेट उजेड पडद्यावर पडत असेल तर पडदा ओढावा किंवा टेबल फिरवावे.

त्यानंतर कॅलिब्रेशन, म्हणजे मॉनिटरचा उजेड आणि रंग मोजून ठरलेल्या मापाला आणणे. कॅलिब्राइट किंवा डेटाकलर या कंपन्यांचे पडद्याला टेकवायचे उपकरण आणि त्यांचे स्वतःचे सॉफ्टवेअर, किंवा डिस्प्लेकॅल हे मोफत सॉफ्टवेअर, यांपैकी काहीही चालते. सॉफ्टवेअरने विचारलेल्या तीन प्रश्नांना काय उत्तर द्यायचे हे महत्त्वाचे आहे. ब्राइटनेसचे लक्ष्य आपण मोजलेल्या लक्सवरून ठरवावे: ४०० लक्स असतील तर ११० ते ११५, ३०० असतील तर ८५ कँडेलाच्या आसपास. गॅमा, म्हणजे मधल्या छटा किती उजळ दिसतील हे ठरवणारा आकडा, २.२ ठेवावा. पांढऱ्या बिंदूसाठी ६५०० केल्विनपासून सुरुवात करावी आणि मग डोळ्याने खात्री करावी: कोरा प्रिंटचा कागद दिव्याखाली ठेवून, पडद्यावर पूर्ण पांढरी खिडकी उघडून, दोन्हींकडे आळीपाळीने पाहावे. पडदा निळसर वाटला तर लक्ष्य ६००० किंवा ५५०० करून पुन्हा कॅलिब्रेशन करावे. कृष्णधवल कामात या पायरीला रंगीत कामापेक्षा अधिक वेळ द्यावा, कारण पडद्यावरचा करडा किंचित निळसर असेल तर आपण प्रिंटला नकळत उबदार छटा देत जातो आणि मग ती कागदावर तपकिरी दिसते.

ब्राइटनेस नेहमी मॉनिटरच्या बटणाने, म्हणजे मागचा दिवा कमी करून, उतरवावा. सॉफ्टवेअरच्या आतून उतरवल्यास उपलब्ध पायऱ्या कमी होतात आणि धुक्यासारख्या हळुवार छटांमध्ये पट्टे दिसू लागतात. आयझोच्या कलरएजसारख्या मॉनिटरमध्ये काळ्याची पातळीसुद्धा लक्ष्य म्हणून देता येते. ती सोय असल्यास बराइटासाठी सुमारे २००:१ प्रमाणाचे वेगळे कॅलिब्रेशन करून ठेवावे. ती नसल्यास पुढे सांगितलेल्या पूर्वदृश्यातून तेच काम होते.

पहिले एक-दोन दिवस मॉनिटर मंद आणि निस्तेज वाटेल. त्यावर इलाज म्हणून ब्राइटनेस पुन्हा वाढवू नये. डोळ्यांना सवय होते.

फाइलची तयारी

चित्र १६ बिटमध्ये आणि आरजीबीमध्येच ठेवावे, जरी त्यात रंग नसला तरी. ग्रेस्केलमध्ये रूपांतर करायचेच असेल तर फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमध्ये ग्रेसाठी "ग्रे गॅमा २.२" निवडलेले आहे ना हे पाहावे. तिथे पुष्कळदा "डॉट गेन २०%" असते, जे ऑफसेट छपाईच्या यंत्रासाठी आहे आणि इंकजेटशी त्याचा संबंध नाही. एका लॅबला मी ग्रेस्केल फाइल पाठवली असता त्यांच्या व्यवस्थेने तिची प्रोफाइल दुर्लक्षून आपलीच गृहीत धरली आणि सगळ्या मधल्या छटा सरकल्या. तेव्हापासून बाहेर पाठवायची प्रत मी आरजीबीमध्येच पाठवतो आणि कोणती प्रोफाइल जोडली आहे हे पत्रात लिहितो.

फोटोशॉपमध्ये चित्राभोवतीची पार्श्वभूमी मध्यम करडी ठेवावी, काळी नव्हे. काळ्या पार्श्वभूमीवर गडद छटा उजळ भासतात आणि कातळातले तपशील असल्याचा खोटा दिलासा मिळतो. शिवाय चित्राच्या चारी बाजूंनी कॅनव्हास वाढवून पांढरी किनार द्यावी. ऐकायला ही क्षुल्लक गोष्ट वाटते, पण डोळा छटा नेहमी पांढऱ्याच्या तुलनेत वाचतो. प्रिंटला कागदाची किनार असते आणि पडद्यावरच्या चित्राला ती नसेल तर तुलना पहिल्या क्षणापासून तिरकी होते.

प्रोफाइलने छापणे आणि तिचे पूर्वदृश्य

छपाईचे मुख्यतः दोन रस्ते आहेत, आणि पूर्वदृश्याची पद्धत रस्त्याप्रमाणे बदलते. पहिला रस्ता म्हणजे कागदाच्या आयसीसी प्रोफाइलने, रंगीत प्रिंट काढावी तशीच कृष्णधवल प्रिंट काढणे. हानमुले, कॅन्सन, एप्सन अशा कंपन्या प्रिंटर आणि कागद यांच्या जोडीप्रमाणे प्रोफाइल देतात. यात पूर्वदृश्य सर्वांत सोपे असते. फोटोशॉपच्या व्ह्यू मेनूत प्रूफ सेटअपमधील कस्टम हा पर्याय उघडून कागदाची प्रोफाइल निवडावी, रेंडरिंग इंटेंट (कागदावर न मावणारे रंग कसे बसवायचे याचा नियम) "रिलेटिव्ह कलरिमेट्रिक" ठेवावा आणि "ब्लॅक पॉइंट काँपेन्सेशन"ला खूण करावी. ही खूण नसेल तर कागदाच्या काळ्याच्या खाली असलेल्या सगळ्या छटा एकाच काळ्यात कोसळतात, आणि ओल्या कातळासारख्या चित्राचे त्यात सर्वाधिक नुकसान होते.

त्याच खिडकीत खाली "सिम्युलेट पेपर कलर" आणि "सिम्युलेट ब्लॅक इंक" या दोन खुणा असतात. नुसते पूर्वदृश्य चालू केले आणि या खुणा केल्या नाहीत तर फोटोशॉप कागदाचा पांढरा पडद्याच्या पांढऱ्यावर आणि कागदाचा काळा पडद्याच्या काळ्यावर ताणून दाखवते. म्हणजे आपण १०००:१ च्या जगातच राहतो. कृष्णधवल कामासाठी पहिली खूण करावीच. ती करताच चित्र एकदम फिके, धुरकट दिसते आणि बहुतेक जण घाबरून ती काढून टाकतात. त्याऐवजी खूण करताना पडद्यावरून नजर बाजूला घ्यावी, मेनू आणि पट्ट्या झाकून चित्र पूर्ण पडद्यावर आणावे, जेणेकरून कागदापेक्षा अधिक पांढरे असे काहीही दृष्टीत राहणार नाही, आणि अर्ध्या मिनिटाने पाहावे. तेव्हा दिसते ती प्रिंटच्या जवळची गोष्ट असते. कंट्रोल आणि वाय या कळांनी पूर्वदृश्य चालू-बंद होते. लाइटरूममध्ये डेव्हलप विभागात एस ही कळ दाबून "सिम्युलेट पेपर अँड इंक" निवडल्यास हेच मिळते.

या रस्त्याची उणीव अशी की प्रिंटर करड्या छटा घडवण्यासाठी रंगीत शायाही बऱ्यापैकी वापरतो. प्रोफाइल चांगली नसेल तर मधल्या करड्यात हिरवट किंवा जांभळट झाक येते, आणि तीच प्रिंट दिव्याखाली वेगळी व उन्हात वेगळी दिसते. या दोषाला मेटामेरिझम म्हणतात.

कृष्णधवल मोडने छापणे

दुसरा रस्ता म्हणजे प्रिंटरच्या ड्रायव्हरमधील खास कृष्णधवल मोड. २००५ मध्ये एप्सनने आर२४०० या प्रिंटरबरोबर अल्ट्राक्रोम के३ शाई आणली. तीत काळ्याच्या तीन घनता एकत्र वापरल्या जातात, आणि "ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट" मोड त्या तिन्हींवर मुख्य भार टाकून रंगीत शाई केवळ झाक जुळवण्यापुरती वापरतो. कॅननच्या प्रिंटरांतही "ब्लॅक अँड व्हाइट फोटो" असा मोड असतो. करडा स्थिर राहतो, दिव्यागणिक कमी बदलतो आणि छटांची उतरण गुळगुळीत मिळते, म्हणून मी स्वतः बहुतेक प्रिंट याच रस्त्याने काढतो.

अडचण पूर्वदृश्याची आहे. हा मोड चालतो तेव्हा रंगांचा कारभार प्रिंटरकडे असतो आणि कागदाची रंगीत प्रोफाइल वापरातच येत नाही, त्यामुळे तिच्यावरून दाखवलेले पूर्वदृश्य काळा किती खोल आणि कागद किती पांढरा एवढेच साधारण बरोबर सांगते. मधल्या छटा कुठे बसतील हे त्याला कळत नाही. ड्रायव्हरच्या खिडकीत दिसणारे छोटे चित्र तर एप्सनमध्ये आपले नसून नमुन्याचे असते. शिवाय त्या खिडकीत नॉर्मलपासून डार्केस्टपर्यंत टोनचे पर्याय असतात आणि प्रत्येकाने मधला करडा वेगळ्या जागी जातो. म्हणून पहिला नियम: एका कागदासाठी एकच टोन ठरवावा, तो लिहून ठेवावा, आणि चित्र गडद किंवा उजळ करण्यासाठी त्याला कधीही हात लावू नये. बदल नेहमी फाइलमध्ये करावा.

आता छटापट्टी छापावी. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच-पाच टक्क्यांच्या अंतराने २१ चौकोन, आणि त्याखाली (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा या मापात) दोन बारीक पट्ट्या: एकीत ०, ४, ८ असे चढत ४० पर्यंतचे गडद चौकोन, दुसरीत २३५ ते २५५ पर्यंतचे उजळ चौकोन. ही पट्टी आपल्या छायाचित्रांची असते त्याच रंगक्षेत्रात (कलर स्पेसमध्ये) बनवावी आणि अगदी त्याच सेटिंगने, त्याच कागदावर छापून एक दिवस वाळू द्यावी. वाळल्यावर दिव्याखाली धरून पाहिल्यास कागदाचे खरे स्वरूप कळते. माझ्या मॅट कागदावर ०, ४ आणि ८ हे तीन चौकोन एकमेकांपासून ओळखता येत नाहीत, १२ किंचित सुटा दिसतो, आणि १६ पासून पुढे प्रत्येक पायरी स्वच्छ आहे. कोकणकड्याच्या फाइलमध्ये भेगांतले बहुतेक बिंदू ५ ते १४ च्या दरम्यान होते. पहिल्या प्रिंटमधला काळा डाग तिथून आला.

स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे छापलेली छटा मोजणारे उपकरण, हाताशी असेल तर पुढचे काम नेमके होते. रॉय हॅरिंग्टन यांच्या क्वाडटोन रिप या सॉफ्टवेअरबरोबर छटापट्टीच्या मोजमापांवरून करड्या छटांची आयसीसी प्रोफाइल बनवणारे छोटे साधन मिळते. २१ चौकोनांची L*a*b* मूल्ये (उजळपणा आणि रंगाचे आकडे) मोजून त्यांची फाइल त्या साधनाला दिली की प्रोफाइल तयार होते. ती बसवून प्रूफ सेटअपमध्ये निवडावी आणि "प्रिझर्व्ह नंबर्स" या पर्यायाला खूण करावी, कारण प्रत्यक्ष छपाईत आपण आकडे बदलणार नाही. जसे आहेत तसे प्रिंटरकडे पाठवणार आहोत, आणि पाठवलेल्या आकड्यांचे प्रिंटर काय करतो हे या प्रोफाइलला माहीत आहे. खूण करायला विसरल्यास पूर्वदृश्य प्रिंटपेक्षा चांगले दिसते, जे अधिक धोक्याचे आहे.

मोजणारे उपकरण बहुतेकांकडे नसते, आणि त्यांच्यासाठी डोळ्याने करायची एक पद्धत आहे जी मी अनेक वर्षे वापरली. छटापट्टीची फाइल पडद्यावर उघडावी, शेजारी दिव्याखाली तिची वाळलेली प्रिंट ठेवावी, आणि फाइलवर कर्व्ह्जचा एक थर लावावा. प्रथम कर्व्हचे डावे खालचे टोक सरळ वर उचलावे. किती, हे वरच्या प्रमाणांवरून काढता येते: ४०:१ च्या मॅट कागदासाठी आउटपुट सुमारे ४७, १८०:१ च्या बराइटासाठी सुमारे २३. त्यानंतर प्रिंटमधला मधला, ५० टक्क्यांचा चौकोन पाहावा आणि पडद्यावरचा तसाच दिसेपर्यंत कर्व्हचा मधला बिंदू वर-खाली करावा. मग २५ आणि ७५ टक्के. चारपेक्षा जास्त बिंदू घालू नयेत. कर्व्ह लाटेसारखी वळू लागली तर काहीतरी चुकले आहे असे समजावे. पुढच्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पुन्हा तपासावे आणि या थराला कागदाचे नाव देऊन तो जपून ठेवावा. कोणत्याही छायाचित्रावर हा थर सर्वांत वर ठेवला की त्या कागदाचे पूर्वदृश्य मिळते. छापण्यापूर्वी तो बंद करणे अत्यावश्यक आहे. विसरू नये म्हणून मी त्याला लाल रंगाची खूण देतो.

चित्राच्या छटा पुन्हा मांडणे

पूर्वदृश्य चालू ठेवून, त्याच्या खालच्या थरांत, आता चित्रावर काम करावे. सगळे चित्र सरसकट उजळवण्याचा मोह होतो, पण त्याने धुके कोऱ्या कागदात विरघळते. माझ्या चित्रात मी कातळाचा भाग मास्कने (बदल ठरावीक भागापुरता ठेवणाऱ्या सोयीने) वेगळा केला, ५ ते १४ मधले तपशील १६ ते ३४ च्या दरम्यान उचलले, आणि खोल भेगांचा अगदी थोडा भाग ० वर राहू दिला, कारण एकही खरा काळा नसेल तर मॅट प्रिंट दुधाळ दिसते. धुक्याचा सर्वांत उजळ भाग २४६ वर थांबवला, म्हणजे तिथे शाईचे बारीक ठिपके पडतात आणि धुके कागदाच्या किनारीपासून वेगळे राहते. मधल्या छटांत स्थानिक काँट्रास्ट किंचित वाढवला. बराइटासाठी याच फाइलची दुसरी प्रत ठेवली, तिच्यात कातळ १० ते २६ च्या दरम्यान पुरतो. एकाच फाइलवरून दोन्ही कागदांवर चांगली प्रिंट मिळेल ही अपेक्षा ठेवू नये.

मग पूर्ण आकाराची प्रिंट न काढता एक पट्टी छापावी. डार्करूममध्ये चाचणीपट्टी काढत असत तशीच: चित्राचा असा तुकडा निवडावा ज्यात सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ असे दोन्ही भाग येतील, आणि तो अंतिम प्रिंटच्याच मापात छापावा. लहान केलेल्या चित्रात छटा अधिक घट्ट वाटतात आणि निर्णय फसतो.

तुलना करताना पट्टी पडद्याला टेकवून धरू नये, कारण मग पडद्याचाच उजेड कागदावर पडतो. ती दिव्याखाली, मॉनिटरच्या काटकोनात ठेवावी. आधी कागदाकडे दहा सेकंद पाहावे, मग पडद्याकडे. एका वेळी एकाच गोष्टीचा प्रश्न स्वतःला विचारावा. मधला करडा सारखा आहे का? असेल तर गडद भाग, मग उजळ भाग, आणि झाक सर्वांत शेवटी. मधला करडा सगळीकडेच एका दिशेने चुकत असेल तर दोष बहुधा उजेडात किंवा पूर्वदृश्याच्या थरात आहे, आणि दुरुस्ती तिथेच व्हायला हवी. केवळ एका भागात चूक असेल तरच चित्राकडे वळावे.

कागदाची झाक, वाळणे आणि पावसाळा

काही कागदांत शुभ्रता वाढवणारी रसायने असतात, जी अतिनील किरणांनी उजळतात आणि कागदाला निळसर पांढरेपणा देतात. साध्या एलईडीच्या उजेडात अतिनील किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे तोच कागद खिडकीपाशी गार आणि दिव्याखाली उबदार दिसतो. पूर्वदृश्यात कागदाचा पांढरा सतत चुकीचा वाटत असेल तर हे कारण आधी तपासावे. ज्यांना हा खेळ नको त्यांनी अशी रसायने नसलेला, नैसर्गिक पांढऱ्याचा कागद निवडावा. त्याचा पांढरा किंचित पिवळसर असतो, पण सगळीकडे तसाच राहतो.

डार्करूममध्ये काम केलेल्यांना ठाऊक आहे की ओली प्रिंट वाळल्यावर थोडी काळवंडते. पिगमेंट (रंगकणांच्या) शाईची प्रिंटही लगेच स्थिरावत नाही. तासाभराच्या आत कोणताही निर्णय घेऊ नये, आणि अंतिम निर्णय दुसऱ्या दिवशी घ्यावा. मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात ही मुदत आणखी वाढते. दमट हवेत सुती कागद ओलावा धरतो, कडा वळतात, कधी प्रिंटरचे हेड कडेला घासून काळी रेघ उमटते. कागद बंद पिशवीत, सपाट ठेवावा, छापण्यापुरतेच तुकडे बाहेर काढावेत, आणि शक्य असल्यास खोलीची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवूनच छापावे. माझी छटापट्टी मी वर्षातून दोनदा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये, पुन्हा छापून जुन्या पट्टीशेजारी ठेवतो.

प्रिंट काचेमागे जाणार असेल तर साधी काच प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परत फेकते, आणि ही चमक नेमकी गडद भागांवर दिसते. शक्य असल्यास चाचणीपट्टी काचेच्या तुकड्यामागे धरून, जिथे ती टांगायची त्या भिंतीजवळ एकदा पाहावी. कातळासारखा भाग असेल तर त्याला आणखी थोडे उचलावे लागते.

प्रत्येक चाचणीपट्टीच्या मागे, शाई पूर्ण वाळल्यावर, मऊ पेन्सिलीने तारीख, कागद, ड्रायव्हरचा टोन, मॉनिटरचे कँडेला आणि दिव्याचे लक्स लिहावेत. कोकणकड्याच्या माझ्या अंतिम मॅट प्रिंटच्या मागे पाचव्या पट्टीचा क्रमांक आहे, ११० आणि ३९० हे दोन आकडे आहेत, आणि समोरच्या बाजूला कातळातल्या त्या भेगेतून खाली उतरणारा पाण्याचा ओघळ शेवटपर्यंत वेगळा दिसतो.